शिव्या देणारा माणूस हवा

आमच्या गल्लीत अहिंसा आली ती शिंप्याच्या दुकानात, एका रविवारी दुपारी. आणि आल्या आल्या तिचं घोडं अडलं ते शिव्या देणाऱ्या माणसावाचून.

झालं होतं असं. गल्लीच्या तोंडाशी सहा खाटांचा दवाखाना होता. अर्धी गल्ली तिथंच जन्मली आणि पाव गल्ली तिथंच मेली. आरोग्य खात्यानं ठरवलं, दवाखाना बंद करायचा आणि खाटा, यंत्रं, बाळं तोलायचा काटा असं सगळं सामान मोठ्या इस्पितळात हलवायचं. मोठं इस्पितळ दोन बस बदलून. पोटात कळा घेऊन दोन बस.

माझी थोरली बहीण त्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होती. गल्ली तिला ताई म्हणते, मीही ताईच म्हणतो. ती निवृत्त झाली तरी रोज सकाळी जाऊन सहा खाटांच्या चादरी ताणून यायची. तिनं ताणलेल्या चादरीवर माशी बसली तर घसरून पडायची, मी पाहिलंय. लग्न तिनं केलं नाही. माझी बायको गेल्यावर आम्ही दोघं बहीण-भाऊ एकाच घरात, दोन खोल्यांत, एका टेबलाशी जेवत होतो.

"सामान फाटकाबाहेर पडलं की दवाखाना संपला," ताई म्हणाली. "नुसत्या भिंतींना कोणी दवाखाना म्हणत नाही. ट्रक यायचे त्या दिवशी आपण फाटकात बसायचं. हात उचलायचा नाही, हलायचं नाही."

"नुसतं बसून भागत नाही," मास्तर म्हणाले. मास्तर भूगोलाचे. त्यांनी कुठूनशी एक पुस्तिका मिळवली होती आणि ती इतक्या वेळा वाचली होती, की पानं उलटायला लागली की ती आपण होऊन पुढची ओळ सांगायची. "ते गुंड पाठवणार. शिव्या देतील, ढकलतील, थुंकतील. आपल्यातल्या एकानं जरी उलटून हात उगारला तरी खेळ खलास. म्हणून सराव पाहिजे. एकानं बसायचं आणि एकानं त्याला वाट्टेल ते बोलायचं."

"कोण बोलणार?" शिंप्यानं विचारलं.

बावीस माणसांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या बावीस मानांचा आवाज झाला, असं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

मी तीस वर्षं बसचा कंडक्टर. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात. माझ्या तोंडात तीळ पडला तर तो भिजायच्या आत पळून जाईल. दारात लोंबकळणाऱ्या एकाला मी एकदा असं बोललो, की पुढच्या थांब्यावर उतरून त्यानं शहर सोडलं. एकदा तर नुसतं "मागे सरका" ओरडलो आणि मागची बस मागे सरकली.

मास्तरांनी नियम सांगितले. शिंप्याच्या खडूनं जमिनीवर चौकोन काढायचा. चौकोनात जे बोललं जाईल ते चौकोनातलं; सराव संपला की ओल्या फडक्यानं रेघ पुसायची आणि रेघेबरोबर बोलणंही. बसलेल्यानं काहीही ऐकून घेतलं तरी एकच उत्तर द्यायचं, "दमला असाल. पाणी देऊ का?" आणि खरोखर पाणी द्यायचं. शेवटचा नियम: आपल्यातला कोणी तोल सोडून ओरडला, तर आपल्यातल्याच चौघांनी त्याला तान्हं मूल उचलावं तसं उचलायचं आणि बाहेर नेऊन ठेवायचं.

मी कामाला लागलो.

शिंप्याला म्हणालो, "तू शिवलेल्या पँटचा एक पाय नेहमी आखूड असतो. गिऱ्हाईक लंगडत घरी जातं आणि दोष बिचाऱ्या गुडघ्याला देतं. आख्खी गल्ली तू लंगडी केलीस." पहिल्या रविवारी शिंपी हसला. दुसऱ्या रविवारी मी त्याच्या बायकोच्या माहेरापर्यंत पोचलो, तेव्हा तो कात्री घेऊन उठला आणि चौघांना त्याला उचलावं लागलं. चौथ्या रविवारी मात्र तो घामानं निथळत म्हणाला, "दमला असाल. पाणी देऊ का?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांना म्हणालो, "जन्मभर पोरांना जगाचा नकाशा दाखवलात. तुमचा स्वतःचा मुलगा त्यात कुठं आहे, ते काठी लावून दाखवा बघू." मास्तरांचा मुलगा साता समुद्रापार गेला होता आणि तीन वर्षं त्याचं पत्र नव्हतं. मास्तरांनी समोरच्या शिलाई मशीनचं चाक पृथ्वीच्या गोलासारखं एकदा फिरवलं. मग त्यांनी पाणी दिलं.

खोटं कशाला सांगू, मला मजा येत होती. तीस वर्षं मी लोकांना फुकट बोललो. आता लोक रांग लावून ऐकत होते आणि वर पाणी पाजत होते. खरं ते बोललं की वर्मी लागतं, हे मला दुसऱ्याच रविवारी कळलं. आणि खरं नसलं, तरी खऱ्यासारखं बोललं की तेवढंच लागतं, हे मला जन्मापासून ठाऊक होतं.

ताई मात्र पाघळत नव्हती की पेटत नव्हती. सहा रविवार मी तिच्यावर जीभ झिजवली. तिचं नाक काढलं, तिचा बेचव स्वयंपाक काढला, तिला न मिळालेला नवरा काढला. ती इंजेक्शन द्यावं तशा आवाजात म्हणायची, "दमला असाल. पाणी देऊ का?" आणि घरी जाताना हसायची. "धाकट्या, नाकाचं आज तिसऱ्यांदा झालं. नवीन काहीतरी शोध."

"कंडक्टरची सुरी बहिणीपुढे बोथट," शिंपी म्हणाला. त्याला उट्टं काढायचं होतं. "घरचा माणूस ना. सांभाळून घेतोय."

सगळे हसले. मला ते झोंबलं. दुसरं काही कारण नाही, एवढंच.

सातव्या रविवारी मी चौकोनात उभा राहिलो आणि आवाज न चढवता बोललो. "आई गेली तेव्हा तू चार घरं पलीकडे दवाखान्यात होतीस. परक्याचं पोर पुसत होतीस. आईनं तीन वेळा हाक मारली तुला. मी म्हणत होतो, येतेय ग, आत्ता येतेय. तिसऱ्या हाकेला तिनं दाराकडे मान वळवली आणि ती मान तशीच राहिली. सरळ करायला मला जोर लावावा लागला. दवाखाना वाचवायला निघालीस? आधी कोणाला वाचवायचं होतंस?"

शिंप्याच्या हातातला खडू मोडला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. अर्धं मिनिट असेल, पण त्या अर्ध्या मिनिटात मी म्हातारा झालो. तोवर नुसता वयस्कर होतो. मग ती म्हणाली, "दमला असाल. पाणी देऊ का?" उठली, पेला भरला, माझ्या हातात दिला. पाण्याचा थेंब सांडला नाही.

"वा," मास्तर म्हणाले. "याला म्हणतात तयारी." त्यांनी फडकं भिजवलं आणि रेघ पुसली.

आता खरं सांगतो. आईनं हाक मारलीच नव्हती. मारली असती तरी ऐकायला मी तिथं कुठं होतो? मी ड्यूटीवर होतो. आईचं जास्त झाल्याचा निरोप डेपोत आला होता. मी म्हणालो, एवढी फेरी संपवून जातो. संपवली. घरी आलो तेव्हा शेजारीण आईच्या अंगावर चादर ओढत होती. "झोपेतच गेल्या," म्हणाली, "हूं नाही की चूं नाही." ताई माझ्यानंतर तासाभरानं आली. मला आईच्या उशाशी बसलेलं बघून तिला वाटलं, मी शेवटपर्यंत होतो. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं झालं धाकट्या, तू तरी होतास." मी तिला तसं वाटू दिलं. सव्वीस वर्षं वाटू दिलं. झोपेत गेल्याचं शेजारणीनं तिलाही सांगितलं होतं; पण आता ताईला वाटलं असणार, बाई बिचारी आपलं मन राखायला तसं म्हणाली. आणि ती बाई कधीच वर गेली होती. साक्षीला कोणाला आणणार?

त्या रविवारी घरी जाताना ताई दोन पावलं पुढं चालली. धाकट्या म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी सांगू, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा दिवस कळला आणि म्हटलं, एवढं पार पडू दे. एवढी फेरी संपवून मग.

ट्रकच्या दिवशी सकाळी नऊला आम्ही फाटकात बसलो. शिंप्यानं सदऱ्याच्या खांद्यांत आणि पाठीत कापूस भरून आणला होता, मार लागू नये म्हणून. तो खांद्यांनी पैलवान आणि पायांनी शिंपी दिसत होता. मास्तरांनी दातांची कवळी काढून खिशात ठेवली होती; फुटली तर दुसरी कोण देणार? ताई मधोमध बसली होती. अंगावर जुना नर्सचा ॲप्रन, कडक इस्त्रीचा. आम्ही गुंडांची वाट बघू लागलो.

गुंड आले नाहीत. खात्याचा एक साहेब आला, एकटा, पायी, टोपी हातात घेऊन. केस कानांशी जरा पिकलेले, आवाज मऊ.

"बसा, बसा, उठू नका," तो म्हणाला. "अहो, या उन्हात बसलात? माझी मलाच लाज वाटते." आणि आमच्यासमोर मातीत मांडी घालून बसला. त्याची पँट चांगली होती. दोन्ही पाय सारखे. "मी याच दवाखान्यात जन्मलो. आई सांगायची, एक नर्स होती. मी रडत नव्हतो, तर तिनं मला उलटं धरून पाठीवर दोन थापट्या दिल्या. तिच्या हातांमुळे मी आहे, म्हणायची." मग ताईकडे वळला. "तुमचे हात बघू?"

ताईनं हात पुढं केले. सात रविवार माझ्या शिव्यांनी जिचा पापणीचा केस हलला नव्हता, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"ट्रकचं मी बघतो," साहेब म्हणाला. "पण मला कागदावर काहीतरी हवं. तुमचं एकेकाचं म्हणणं मी माझ्या हातानं लिहून घेतो. आत सावलीत बसू. फाटकाला हवं तर तुम्हीच कुलूप लावा, किल्ली तुमच्याजवळ. माझ्यावर विश्वास कशाला ठेवताय?"

याला नाही कसं म्हणायचं, ते पुस्तिकेत नव्हतं. थुंकला असता तर आम्हाला येत होतं. ढकललं असतं, तर येत होतं. ताईनं फाटकाला आतून कुलूप घातलं, किल्ली ॲप्रनच्या खिशात टाकली आणि आम्ही रोगी थांबायच्या बाकांच्या खोलीत जाऊन बसलो. साहेब लिहू लागला. सावकाश, मोत्यासारखं अक्षर. मध्येच विचारायचा, "हे बरोबर लिहिलंय ना? वाचून दाखवू?" आमचं म्हणणं इतक्या प्रेमानं आमच्या बायकांनीही कधी ऐकलं नव्हतं.

चौदावा माणूस बोलत होता तेव्हा मला लघवीला लागली. या वयात क्रांतीच्या मध्येही लागते. मी इमारतीच्या मागं गेलो.

मागच्या भिंतीला दाराएवढं भगदाड पडलं होतं. विटा एकेक करून काढून शेजारी नीट रचून ठेवल्या होत्या. आठ मजूर, पायांना गोणपाट बांधलेलं, खाटांच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. कुठं खट् नाही की खुट् नाही. एकाच्या डोक्यावर बाळं तोलायचा काटा होता, त्याचं पारडं रिकामं डुलत होतं. आमच्यापेक्षा त्यांचा सराव चांगला झाला होता. पलीकडच्या बोळात तीन ट्रक. पहिला भरून निघालासुद्धा.

मी धावत आत आलो. आयुष्यात जे काही बोलायला शिकलो होतो ते सगळं एका दमात साहेबावर ओतलं. ते इथं लिहीत नाही, कागद पेटेल. शेवटी म्हणालो, "मागं भिंत फोडलीय यानं. खाटा चालल्यात. केसानं गळा कापतोय हा, आणि तुम्ही मान पुढं करून बसलाय."

साहेब उठला. त्यानं सुरईतून पेला भरला आणि माझ्यापुढं धरला. "आजोबा, दमलात तुम्ही," तो म्हणाला. "पाणी घ्या."

बावीस माणसांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यांवर जे उमटलं ते मला अजून दिसतं. आपलाच माणूस, असं वाटलं त्यांना साहेबाकडे बघून.

मी पेला हाणला. तो भिंतीवर फुटला, पाणी साहेबाच्या सदऱ्यावर. साहेबानं रुमालानं सदरा टिपला आणि पुन्हा हसला.

"कंडक्टर," शिंपी म्हणाला, "आज चौकोन काढलेला नाही. आज बंद कर."

"थान झालं," मास्तर कवळीशिवाय म्हणाले, "पण आता पुले."

"अरे, सराव नाही हा. एक जण तरी चला मागं. ताई, तू चल. एकदा डोळ्यांनी बघ."

ताई उठून उभी राहिली. मला वाटलं, येतेय. माझ्या आवाजात काय आहे ते बघावं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. तिनं ती तीन हाकांची थाप मात्र लगेच खरी मानली होती.

"उचला यांना," ती म्हणाली.

शिंपी, मास्तर आणि आणखी दोघांनी मला उचललं. शिंप्याच्या कापसाच्या खांद्यावर माझं डोकं होतं. इतक्या हळुवारपणे मला आईनंही कधी उचललं नसेल. ताईनं कुलूप काढलं, त्यांनी मला बाहेर ठेवलं, ताईनं पुन्हा कुलूप लावलं.

"आपण इथंच थांबा," ती गजांतून म्हणाली. "शांत व्हा."

मी थांबलो नाही. मोठा वळसा घालून बोळात पोचलो. दुसरा ट्रकही गेला होता. तिसऱ्यापुढं मी एकटा मांडी घालून बसलो, हात मांडीवर, पुस्तिकेतल्यासारखा. ड्रायव्हर खाली उतरून कंटाळल्यासारखा उभा राहिला. दोन मजुरांनी मला काखेत धरून नाल्याकडेला टाकलं. कोपर फुटलं. त्यांना दोष देत नाही. त्यांना कोणी सराव दिला नव्हता.

दुपारी एकला तेविसाव्याचं म्हणणं लिहून झालं. खरं तर बाविसाव्याचं, पण साहेबानं माझंही लिहून घेतलं होतं: "एक वृद्ध गृहस्थ फार व्यथित होते." सगळ्यांनी सह्या केल्या. साहेब प्रत्येकाला भेटून, टोपी हातात घेऊन, आला तसा पायी गेला. मग ताई चादरी ताणायला आतल्या खोलीत गेली. जमिनीवर खाटांच्या पायांचे चोवीस गोल डाग होते. मागून ऊन थेट आत आलं होतं. ती तिथं किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. कोणी हाक मारायला गेलं नाही.

महिन्याभरानं खात्याचं पत्र आलं. नागरिकांनी अत्यंत शांततेनं आणि समंजसपणे सहकार्य केल्याबद्दल आभार. शिंप्यानं ते चौकट करून दुकानात लावलं. "काही म्हण कंडक्टर," तो म्हणाला, "आपल्यातला कोणी तोल सोडला नाही. तू सोडून."

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या सुनेला कळा लागल्या. ताई बरोबर गेली. दुसरी बस वीस मिनिटं आलीच नाही. मूल थांब्यावरच्या बाकावर झालं आणि रडलं नाही. ताईनं त्याला उलटं धरलं, थापट्या दिल्या, पुन्हा दिल्या. शिंप्यानं ती चौकट अजून काढलेली नाही. काढली तर भिंतीवर चौकोन दिसतो, म्हणतो.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. दवाखान्याचं फाटक अजून उभं आहे, कुलूपही आहे, किल्ली आमच्या घरात खिळ्याला. त्या दिवशी मी खरं सांगत होतो हे गल्लीनं कधीच मान्य केलं. मास्तर तर माफी मागायला आले होते, कवळी घालून. ताईही एकदा म्हणाली, "भिंतीचं खरं होतं." तेवढंच. भिंतीचं.

माझं जेवण ती वेळेवर वाढते. माझ्या गोळ्या मोजून बशीत ठेवते. कोपर फुटलं होतं तेव्हा पट्टीही तिनंच बांधली, हलक्या हातानं. कधी आवाज चढवत नाही, कधी टोमणा नाही, माझ्या नाकाला ती काही बोलत नाही की स्वतःच्या नाकाबद्दल मला काही बोलू देत नाही. मला अहो म्हणते. शेजारच्या बायका म्हणतात, भावाला मान द्यावा तर असा.

परवा टेबलाशी बसलो असताना मी सगळं सांगितलं. पहिल्यांदा नव्हे, वर्षातून दोनदा तरी सांगतो. "ताई, आईनं हाक मारली नव्हती. मी तिथं नव्हतोच. मी बसवर होतो. फेरी संपवत होतो. ते मी चौकोनात रचून बोललो. शपथेवर सांगतो."

माझ्या शपथेचा भाव तिला जन्मापासून ठाऊक आहे. तिनं ताटं गोळा केली, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"दमला असाल," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

आणि पेला भरून आणला.